चाळीस हातांनी उचललेली गाडी

मित्रांनो, गाड्यांच्या जगात वीस वर्षं म्हणजे म्हातारपण. मी तर त्याच्याही पुढं गेलेली एक जुनी, पांढरी व्हॅन आहे. मी कधी लांबचे प्रवास केले नाहीत. महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाची पहिली काही वळणं, एवढंच माझं जग. पण त्या एवढ्याशा रस्त्यावर मी जे पाहिलं, ते आठवलं की अजून माझा पत्रा शहारतो.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली आठवण फारशी नाही. मला आठवतात ते महाडचे कमलाकरकाका. त्यांनी मला मुलांना शाळेत नेण्यासाठी घेतलं होतं. आठ जणांच्या जागेत चौदा मुलं बसायची. कुणी माझ्या काचेवर वाफ धरून बोटानं नाव लिहायचं, कुणी सीटच्या फटीत पेन्सिली कोंबायचं. सहल असली की मी मुलांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायची, नाहीतर रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कमलाकरांची गाडी आली म्हणजे सव्वासात झाले." घड्याळापेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. त्या दिवसांत मला थोडा गर्वही होता.

मग काकांची नजर अधू झाली. शाळेनं नव्या गाड्या लावल्या. मला घरामागच्या फणसाखाली उभं केलं, आणि मी चार वर्षं तिथंच राहिले. कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. एकदा पिकलेला फणस टपावर पडला आणि मोठा खड्डा पडला. कुणी बघायलाही आलं नाही. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, हे दुःख गंजापेक्षा वाईट असतं.

एके दिवशी एक सडपातळ माणूस आला. पस्तिशीचा असेल. त्यानं माझं दार उघडलं, आतल्या कोंबडीला हात जोडले आणि म्हणाला, "बाई, आता उठा. मला ही गाडी हवी आहे."

तो सुहास. ख्रिस्ती धर्माचा उपदेशक. लोक त्याला पास्टर म्हणत. ख्रिस्ती लोक उपासनेसाठी एकत्र जमतात, त्या समूहाला ते मंडळी म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीनं सुहासला इकडं पाठवलं होतं, महाड-पोलादपूर भागात नवी मंडळी उभी करायला. त्याची बायको दीप्ती महाडच्या एका दवाखान्यात नर्स होती. प्रवीण नावाच्या मेकॅनिकनं महिनाभर खपून मला चालती केली. टपाचा खड्डा मात्र तसाच राहिला.

सुहासला एक सवय होती. गाडी चालवताना तो रविवारचं प्रवचन मोठ्यानं म्हणून बघायचा. त्यामुळं त्याची सगळी प्रवचनं सर्वांत आधी मी ऐकली. ती चांगली असत. पण ऐकायला माणसं नव्हती. महाडात भाड्याच्या एका खोलीत रविवारी सात जण जमत. त्यातही कारखान्यात काम करणारे तिघं पाळी असली की गैरहजर.

दर गुरुवारी आम्ही घाटात जायचो. आंबेनळीची चढण सुरू झाली की एक कच्चा रस्ता वर वळतो. त्याच्या टोकाला उंबरवाडी ही तीसेक घरांची वाडी. तिथं सुहासला एकाच अंगणात बसायला मिळे, ते सोनाबाईचं. सोनाबाई साठी उलटलेली, एकटी राहणारी, तिखट जिभेची बाई. नवरा कधीच गेला होता. भावकीशी भांडण, शेजाऱ्यांशी अबोला, पण दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही.

"तुझा देव ऱ्हाऊ दे बाजूला," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "तू आधी चा पी. उन्हातून आलास."

सुहास चहा प्यायचा, एखादं गीत म्हणायचा, येशूची एखादी गोष्ट सांगायचा. सोनाबाई तांदूळ निवडत बसायची. ऐकते की नाही, काही कळायचं नाही.

वाडीचे प्रमुख रावजी. उंच, पांढऱ्या मिशांचे, शब्दाला पक्के. एका गुरुवारी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि सुहासला म्हणाले, "पास्टर, मानूस म्हनून तुमी चांगले हाव. पन वाडी ल्हान हाय. उद्या चार घरं तुमच्याकडं, चार आमच्याकडं, मंग पालखीला खांदा कोन देनार? भांडनं लागतील."

"मी भांडणं लावायला आलो नाही," सुहास म्हणाला.

"तुमी नाय लावनार. पन लागतील." रावजींनी माझ्या दारावर हात ठेवला. "मला शबुद द्या. कुनी बोलावल्याबगर वाडीत गानं नाय, प्रार्थना नाय. चा प्यायला कदी बी या."

सुहासनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मग म्हणाला, "दिला."

घाट उतरताना त्यानं प्रवचन म्हटलं नाही. घरी आल्यावर दीप्तीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "शब्द मनापासून दिलास का?" तो हो म्हणाला. "मग पाळ," ती म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत करोना आला. मित्रांनो, तुमच्यातले काही तेव्हा फार लहान असतील. सगळं बंद झालं. शाळा, देवळं, मशिदी, विहारं, आणि आमची ती भाड्याची खोलीही. हायवेवर माणूस दिसेना. सुहास माझ्यात एकटाच येऊन बसायचा, कारण घरातून फोन नीट लागत नसे. त्या सात जणांसाठी तो फोनवर प्रार्थना म्हणायचा. एकदा फोन ठेवल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "मी मंडळी उभी करायला आलो, प्रभू. आणि तू होती तीही बंद केलीस."

दीप्तीचं मात्र काम वाढलं होतं. दवाखान्यातून आजार घरी येऊ नये म्हणून ती माझ्यातच राहू लागली. मागची सीट काढून सुहासनं गादी घातली. तो अंगणातल्या फरशीवर डबा ठेवून मागं सरायचा, मग ती उचलायची. नवरा-बायको दहा हातांवरून एकमेकांशी बोलत. तिच्या चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटलेले असत. इतकी दमलेली बाई रोज सकाळी उठून केस विंचरून पुन्हा दवाखान्याच्या त्याच दारातून आत जात होती. मी आयुष्यात नाना तऱ्हेची माणसं वाहिली, पण धैर्य नावाची गोष्ट असं रोज केस विंचरते, हे मला तिच्याकडं बघून कळलं.

तिच्याच सांगण्यावरून सुहासनं परवाना काढला आणि आम्ही धान्य, औषधं पोचवू लागलो. मुंबईहून चालत गावी निघालेली माणसं हायवेच्या कडेनं दिसायची. त्यांना आम्ही पाणी द्यायचो. पाण्याचं मोल महाडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. सुहासबरोबर कधी कधी बुद्धरत्न गुरुजी असत. पोलादपूरजवळच्या शाळेत शिकवणारे, घाटाखालच्या बौद्धवाडीत राहणारे शांत गृहस्थ. एकदा त्यांनी विचारलं, "पास्टर, या माणसांना तुम्ही धर्माविषयी काहीच सांगत नाही?"

"पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, गुरुजी," सुहास म्हणाला. "आणि मी तेव्हा बोललो, तर ते पाणी राहणार नाही."

गुरुजी हसले. त्यानंतर ते रोज येऊ लागले.

उंबरवाडीनं आपल्या रस्त्यावर ओंडका आडवा टाकला होता. बाहेरचं कुणी आत नको, आतलं बाहेर नको. आम्ही तांदळाची पोती आणि औषधाच्या पिशव्या ओंडक्यापाशी ठेवायचो. पहिल्या वेळी रावजींनी पोती परत घ्यायला लावली. ओंडक्यापलीकडून म्हणाले, "बदल्यात काय पायजे, ते आधी सांगा."

"काही नको."

"काय नको असनारा मानूस मी अजून बगितला नाय."

"मीही नाही," सुहास म्हणाला. "पण तांदूळ खरा आहे. शिजवून बघा."

पुढच्या आठवड्यात पोती ठेवली ती परत आली नाहीत.  सुहास शब्दाला जागला. गीत नाही, प्रार्थना नाही. फक्त सोनाबाई लांबून ओरडायची, "चा घेऊन येऊ काय रे?" आणि तो हात हलवून नको म्हणायचा.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. ती पहिल्यासारखी नव्हती. ती घाट चढून वाडीवस्तीत शिरली. मे महिन्यात उंबरवाडीतही ताप सुरू झाला. लोकांनी दारं लावून घेतली. सख्खा शेजारी शेजाऱ्याचा खोकला ऐकून कडी घालू लागला. आणि त्याच वेळी समुद्रावरून तौक्ते वादळ निघाल्याची बातमी आली.

वादळाच्या त्या सकाळी बुद्धरत्न गुरुजींचा फोन आला. रावजींची सून सेजल पोटुशी होती, नववा महिना. तिला श्वास लागला होता. तिचा नवरा सुशांत मुंबईत नोकरीवर अडकलेला. रुग्णवाहिका सगळ्या बाहेर गेलेल्या, आणि अशा वाऱ्यात घाट चढायला कुणी तयार नव्हतं. रावजींनी गुरुजींना फोन केला होता. सुहासला फोन करायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

दीप्तीनं दवाखान्यातून ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर आणला आणि सुहासला दहा मिनिटांत सगळं शिकवलं. काटा कसा वाचायचा, मास्क कसा बसवायचा, बोटाला लावायचं यंत्र काय दाखवतं. तिच्या वॉर्डात त्या दिवशी दोनच नर्स उरल्या होत्या. तिला येणं शक्य नव्हतं. "सुहास, काटा लाल रेघेवर यायच्या आत तिला माझ्यापर्यंत आण," ती म्हणाली. "बाकी काही मागत नाही."

मी घाट चढले. वाऱ्यानं मला दोनदा रस्त्यावरून सरकवलं. ओंडक्यापाशी पोचलो, तर रावजी एकटेच भर पावसात तो ओंडका ओढत होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. ओंडका बाजूला झाला, तसे ते पुढं धावले.

सेजलला माझ्यात निजवलं. तिचे ओठ निळसर झाले होते. मास्क धरायला, तिला सावरायला कुणीतरी बाईमाणूस आत बसायला हवं होतं. रावजींची बायको सुंदराबाई स्वतः तापानं फणफणलेली. बंद दारांच्या फटीतून डोळे दिसत होते, पण दार उघडत नव्हतं. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवसांत भीती हाही एक आजारच होता.

मग डोक्यावर घोंगडं घेतलेली सोनाबाई पागोळ्यांखालून चालत आली आणि माझ्यात चढली.

"सोने, तुजं वय काय, तू कुटं चाललीस?" रावजी म्हणाले. पाच वर्षांत ते तिच्याशी बोलले नव्हते.

"वय झालं म्हनूनच चाललंय," ती म्हणाली. "गप दार लाव."

आम्ही निघालो. कच्चा रस्ता संपला, घाटरस्ता लागला. तीन वळणं उतरलो आणि चौथ्यावर सुहासनं करकचून ब्रेक लावला. समोर ऐनाचं एक जुनं झाड मुळासकट आडवं पडलं होतं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मधे ते खोड, माझ्या दिव्यांच्या उंचीचं. सुहास मागं वळवायला गेला, तर वरून दरड घसरली आणि मागचा रस्ताही मातीखाली गेला.

फोनला रेंज नव्हती. सिलिंडरचा काटा निम्म्याच्या खाली आला होता.

सुहास खाली उतरला. झाडाला ढकलून पाहिलं. तेवढ्यानं ते काय हलणार. तो परत आला आणि त्यानं माझ्या हॉर्नवर हात दाबून धरला. मित्रांनो, गाडीला एकच आवाज असतो. मी तो सगळा लावला. शाळेच्या मुलांना हाक मारताना मी कधी इतकी ओरडले नव्हते. सगळ्या दरीत तो आवाज घुमत राहिला.

सर्वांत आधी रावजी आले. ते आमच्या मागोमाग धावतच निघाले असावेत. दरडीवरून घसरत, चिखलानं माखलेले ते माझ्या काचेपाशी येऊन उभे राहिले. आत सून निजलेली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी झाडाकडं पाहिलं, काट्याकडं पाहिलं. हा माणूस कधी कुणापुढं वाकला नसेल. त्यांनी हात जोडले.

"पास्टर, तुमचा शबुद मी सोडवला," ते म्हणाले. "आता काय म्हनायचं ते म्हना."

सुहासनं तोंड उघडलं. माझ्यात बसून त्यानं शेकडो प्रार्थना म्हटल्या होत्या. त्या मला पाठ होत्या. पण त्या क्षणी त्याला एक शब्द सुचला नाही. वर्षभर थांबलेला माणूस, आणि बोलावणं आलं तेव्हा नुसता रडत राहिला. 

तेव्हा मागून आवाज आला. कातरलेला, बेसूर, पण पक्का. सोनाबाई एका हातानं मास्क धरून, दुसऱ्या हातानं सेजलच्या केसांवरून हात फिरवत ओवी म्हणत होती.

"वाट ही घाटाची, वळनं नागमोडी,
येसू माज्या भावा, सांभाळ लेकीची गाडी.
भरल्या दिसाची, लेक ही माहेराची,
येसू माज्या भावा, कड लाव रं तिची."

सुहास वळून तिच्याकडं बघतच राहिला. ही ओवी त्यानं शिकवली नव्हती. त्याच्या कोणत्याही पुस्तकात ती नव्हती. ती तिची होती, तिच्या आईच्या, आजीच्या चालीवरची, आणि तिच्यात येशू असा बसला होता जणू तो याच वाडीत जन्मला होता.

"हे कुटं शिकलीस?" रावजींनी विचारलं.

"शिकायला काय," सोनाबाई म्हणाली. "हा सांगायचा त्या गोस्टी, आनि भात लावताना मी त्याच्या ओव्या करायची. समद्या बायका म्हनतात. तुजी सुंदरा बी म्हनते. तुला कोन सांगनार, तू बांदावर हुबा."

 सुहास माझ्या दाराला धरून खाली बसला. घाट उतरताना दर गुरुवारी तो म्हणायचा की इथं काही उगवलं नाही. आणि इथं दोन पावसाळे, गुडघाभर चिखलात, वाकलेल्या बायका त्याच्या गोष्टी गात होत्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे मी पाहिलं, त्याला आनंद म्हणता येत नाही. आपल्याहून फार मोठं काही आपल्या नकळत शेजारी येऊन उभं असल्याचं कळलेला माणूस तसा दिसतो.

एवढ्यात दरडीवर माणसं दिसली. उंबरवाडीची. ज्यांनी आठवडाभर दारं उघडली नव्हती, ती. हॉर्न ऐकून आधी एक निघाला, त्याला बघून दुसरा. तोंडाला लुगड्याचे, टॉवेलचे तुकडे बांधलेले. हातात कोयते, कुऱ्हाडी, दोरखंड. आणि झाडाच्या पलीकडून, खालच्या बाजूनं, बुद्धरत्न गुरुजींचा आवाज आला, "पास्टर, आम्ही खालून तोडतोय." बौद्धवाडीतले नऊ जण वादळात चढून आले होते.

दोन्हीकडून फांद्या तुटल्या. पण खोड तुटायला दुपार झाली असती. काटा लाल रेघेच्या दोन बोटं वर होता.

"खोड नाय तोडायचं," रावजी म्हणाले. "गाडीच उचला."

"सूनबाई आत आहेत," गुरुजी म्हणाले.

"तिच्यासकट उचला."

क्षणभर सगळे थांबले. आजाऱ्याच्या गाडीला हात लावायचा, एकमेकांना खांदा भिडवायचा, तोंडाला तोंड जवळ आणायचं. ज्या गोष्टी करू नका म्हणून वर्षभर रेडिओ सांगत होता, त्या सगळ्या एकदम. आणि अजून एक गोष्ट, जी कुणी बोललं नाही. याच तालुक्यांच्या मातीत एक काळ असा होता, की बौद्धवाडीच्या माणसांचा स्पर्श वरच्यांना चालत नव्हता. रावजींनी माझा पुढचा बंपर धरला. त्यांच्या शेजारी गुरुजी येऊन वाकले, खांद्याला खांदा लावून. मग बाकीचे आले. वीस माणसं, चाळीस हात.

रावजींनी "हो" म्हटलं आणि माझी चाकं जमिनीवरून सुटली.

मित्रांनो, मी गाडी आहे. वाहून न्यायचं हे माझं काम. जन्मात कधी मला कुणी वाहिलं नव्हतं. मी हवेत होते. खाली दरी, वर ढग, आत एक बाई श्वासासाठी झगडणारी, एक बाई ओवी म्हणणारी, आणि माझ्या पत्र्याखाली चाळीस हात. कुठला हात कुणाचा, ते ओळखू येत नव्हतं. पुढं फार वेळा मी विचार केला, देव दिसला तर कसा दिसेल. मला वाटतं, मला तो खालून लागला होता.

पलीकडं माझी चाकं टेकली. सुहासनं चावी फिरवली आणि पहिल्या फटक्यात मी चालू झाले. प्रवीण नंतर म्हणायचा, हे इंजिनाच्या हिशेबात बसत नाही.

दवाखान्याच्या दारात दीप्ती उभी होती. काटा लाल रेघेवर टेकला होता. तिनं सुहासला एक शब्दही न विचारता सेजलला आत नेलं. त्याच संध्याकाळी सेजलला मुलगी झाली. आईला बरं व्हायला तीन आठवडे लागले, पण ती बरी झाली.

सोनाबाई मात्र आजारी पडली. तेराव्या दिवशी ती गेली. दीप्ती तिच्याजवळ होती. शेवटी तिनं काय म्हटलं ते दीप्तीनं सुहासला माझ्यात बसून सांगितलं. "त्याला सांग, चा राह्यला."

तिला स्मशानात न्यायला गाडी मिळेना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. पुढं सुहास, त्याच्या शेजारी रावजी, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात. स्मशानाचा रस्ता लागला. मग रावजी म्हणाले, "पास्टर, हिला कुनाच्या रितीनं न्यायची? तुमच्या म्हनाल तर जागा मी देतंय. माज्या वरच्या आंब्याखाली पुरू."

मला वाटलं, सुहास हो म्हणेल. या घाटातलं येशूवर विश्वास ठेवणारं त्याचं पहिलं माणूस होती ती. नगरला कळवायला हीच तर बातमी होती.

"तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता, रावजी," तो म्हणाला. "तिनं मला तसं कधी सांगितलंही नाही. ती वाडीची होती. तुमच्या रितीनंच होऊ दे. प्रभूला ती ओळखू येईल."

रावजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पन तिचं गानं म्हनायला पायजे."

स्मशानात दोघांनाच परवानगी होती. सुहासनं गुरुजींना फोन लावला आणि तो माझ्या टपावर ठेवला. तिकडं उंबरवाडीत गुरुजी फोन उंच धरून उभे राहिले. बायका आपापल्या दारात, लांब लांब उभ्या होत्या. आधी सुंदराबाईचा अशक्त आवाज आला. मग दुसरा. मग सगळ्या वाडीचा. माझ्या टपावरचा तो लहानसा फोन त्या आवाजांनी थरथरत होता. रावजींनी अग्नी दिला. सुहास शेजारी उभा राहून मनात प्रार्थना म्हणत होता. त्या दिवशी महाडच्या स्मशानात कामावर असलेले नगरपालिकेचे दोन कामगार झाडू खाली ठेवून उभे राहिले.

माझी गोष्ट इथून पुढं थोडीच उरली. त्याच जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं आणि मी टपापर्यंत बुडाले. पाणी ओसरलं तेव्हा गल्लीत कमरेएवढा गाळ होता. तिसऱ्या दिवशी घमेली, फावडी, भाकरीची गाठोडी घेऊन उंबरवाडीची आणि बौद्धवाडीची माणसं उतरली. त्यांनी सुहासची खोली धुतली, शेजारच्यांची धुतली, सगळी गल्ली धुतली. प्रवीणनं माझं इंजिन उघडलं आणि मान हलवली. मला भंगारात द्यायचं ठरत होतं. रावजी म्हणाले, "ही आमची हाय." आणि ट्रॅक्टरला बांधून त्यांनी मला वर आणलं.

आता मी सोनाबाईच्या अंगणात असते. दर गुरुवारी इथं उपासना होते. देऊळ नाही, घंटा नाही. अकरा बायका, चार पुरुष आणि बरीच मुलं. गीतं पुस्तकातली थोडी, भातलावणीच्या ओव्या जास्त. सुहास आता कमी बोलतो आणि जास्त ऐकतो. सेजलची मुलगी माझ्या स्टिअरिंगला लोंबकळत असते. रावजी आत येत नाहीत. पालखीला पहिला खांदा अजून त्यांचाच असतो. पण गुरुवारी ते अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसतात, आणि कुणी नवा माणूस दारात घोटाळला, तर सरकून त्याला जागा करून देतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार होते. ते सांगतेच. पण एक मोठी गोष्ट आहे. आजार पुन्हा येतील, वादळं येतील, आणि कुणाच्या तरी दारात जायला सगळे घाबरतील. तुम्हीही घाबराल, त्यात लाज नाही. तोंडाला फडकं बांधा, हात धुवा, लांब उभे राहा. पण तिथं जाऊन उभे राहा. तुम्हाला बघून दुसरं कुणीतरी दार उघडेल.